तुमचा संघ कुठला?

आमच्या घरच्या बायकांनी आम्हाला नाव ठेवले आहे, 'मैदानाचे मुजावर'. दर्ग्याचा मुजावर जसा शेवटचा माणूस गेल्याशिवाय हलत नाही, तसे आम्हीही शेवटचा हॅलोजन विझल्याशिवाय मैदान सोडत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खोटे नाही. आम्ही कबड्डी खेळणारे नव्हे, कबड्डी पाहणारे. एकाने शाळेत असताना थोडीफार खेळली, दुसऱ्याचा गुडघा पहिल्याच वर्षी गेला, बाकीच्यांनी मध्यरेषा कधी ओलांडलेली नाही. तरीही गेली तीसेक वर्षे दिवाळी सरली की आमची पायपीट सुरू होते. आज रोहा, परवा पेण, मग नागोठणे, अलिबाग, माणगाव. सामना जिथे असेल तिथे.

आम्ही म्हणजे सहाजण. कुणी खांबात राहणारे, कुणी आसपासच्या गावातले. पण भेटण्याची जागा एकच, मुंबई-गोवा महामार्गावरचा खांबचा नाका. सगळ्यांत थोरले आमचे चाचा, मच्छीचा धंदा करून थकलेले. एक शाळामास्तर. एकाची मिनीडोर रिक्षा, कोलाड-रोहा फेऱ्या मारणारी. एक गवंडी, एकाचे किराणा दुकान. पाचजण मुसलमान आणि सहावा, म्हणजे गवंडी, कुणबीवाडीतला. तो आमच्याबरोबर इफ्तारीला खजूर खातो आणि आम्ही त्याच्याबरोबर पोपटीला बसतो. पोपटीतली कोंबडी आम्ही आमच्या हाताने हलाल करून नेतो, एवढीच अट. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला आणि मडके त्याचे. मडक्याभोवती जाळ पेटवायचा, मडके उतरेपर्यंत काल रात्रीच्या सामन्याची उजळणी करायची, असे कितीतरी हिवाळे आम्ही काढले.

स्पर्धेची खबर कळायलाही तेव्हा खटपट लागे. 'कृषीवल'मधली चार ओळींची बातमी, एस.टी. थांब्यावर चिकटवलेले हस्तपत्रक, नाहीतर ड्रायव्हर लोकांकडून कळे. "अमुक गावात आज रोलर फिरतोय" एवढे कुणी सांगितले की आम्ही समजून जायचो. कबड्डीचे मातीचे मैदान तयार करणे ही भातशेतीइतकीच नेकीची मेहनत आहे. माती चाळायची, खडा न खडा वेचायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी मारायचे. पुरुषांसाठी तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. त्यावर फक्कीने मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. भोवती बांबूंचे कठडे, एका टोकाला व्यासपीठ, त्यावर ओळीने मांडलेले चषक आणि त्यांच्यामागे माईक धरून बसलेला समालोचक. त्याचा आवाज रात्री दहाला खणखणीत असतो, दोनला बसतो आणि अंतिम सामन्याला नुसती हवा येते. तरी तो बोलत राहतो.

आम्ही संध्याकाळीच निघायचो. मगरिब त्या गावच्या मशिदीत, नाहीतर वाटेत. इशा आटोपली की मैदानात. बहुतेक ठिकाणी अजान सुरू झाली की समालोचक दोन-तीन मिनिटे माईक बंद ठेवायचा. त्याला कुणी सांगितलेले नसे. सामना चालूच राहायचा, फक्त आवाज नाही. त्या दोन-तीन मिनिटांत चढाईपटूचा 'कबड्डी, कबड्डी' हा दम कठड्यापर्यंत ऐकू यायचा. पायाखालच्या मातीचा चर्र आवाज, पकड बसली की अंगावर अंग आदळल्याचा धप्प आवाज. जो खेळ आम्ही इतकी वर्षे डोळ्यांनी पाहत होतो, तो त्या दोन मिनिटांत कानांनीही कळायचा.

लोक विचारतात, दुसऱ्याच्या गावचा सामना बघायला रात्र रात्र जागण्यात काय मिळते? याचे उत्तर आम्हाला नीट देता आलेले नाही. टीव्हीवर जो पकडतो तोच दिसतो. मैदानावर बसले की पकडीच्या आधीचे दिसते. कोपरारक्षकाने शेजाऱ्याचा पंजा किंचित दाबला, साखळी अर्धे पाऊल मागे सरली, चढाईपटूने हूल दिली पण टाच उचललेली राहिली. आमचे चाचा सांगायचे, "आता घोटा जाणार." आणि घोटा जायचा. सातातले सहा किंवा सातही मैदानात असतील तरच बोनसचा गुण मिळतो, हे साधे गणित. पण सहावा गडी बाद झाल्यावर उरलेल्या पाचजणांची चाल कशी बदलते, हे कठड्याला हनुवटी टेकल्याशिवाय कळत नाही. लोण चढला की दोन गुण जादा जातात आणि सातही गडी पुन्हा उभे राहतात. मास्तर म्हणायचे, या खेळात मेलेला माणूस दर थोड्या वेळाने जिवंत होतो, म्हणून गरिबांना तो आवडतो.

आमच्याकडच्या संघांची नावे देवांची असतात. कुणी हनुमान, कुणी भैरवनाथ, कुणी गावदेवी. त्या नावाची बनियन घालून आमच्या मोहल्ल्यातली पोरेही खेळली. चाचांचा पुतण्या छातीवर 'जय हनुमान' आणि पाठीवर सात नंबर घेऊन चार हंगाम खेळला. जमातीत एक-दोघांनी कुरकुर केली. चाचा म्हणाले, "बनियन मंडळाची आहे, घाम पोराचा आहे. ईमान दोन्हींत नसतं, ते आत असतं." कुरकुर करणारे गप्प झाले असे नाही, पण पुतण्या खेळत राहिला. तालुक्यात त्याला 'हनुमानचा खान' म्हणायचे. खान हे त्याचे आडनावही नव्हते.

असे सगळे सुरळीत चालले होते, म्हणजे आम्हाला तसे वाटत होते.

२००७ साली कबड्डीची विश्वचषक स्पर्धा आमच्याच जिल्ह्यात, पनवेलला भरली. पहिली २००४ साली मुंबईत झाली होती, तिच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ५५-२७ असे हरवले होते. ती हुकल्याची हळहळ आमच्या मनात होती. आता विश्वचषक दोन-अडीच तासांच्या वाटेवर आला होता. एवढ्या मोठ्या खेळाला मिनीडोरने जाणे शोभत नाही म्हणून ओळखीच्यांची ट्रॅक्स मागून घेतली. सुकेळी खिंड, नागोठणे, वडखळ, पेण, खारपाडा, कर्नाळा. वाटेत प्रत्येक नाक्यावर गाडी थांबवून "कुठे चाललात?" या प्रश्नाला "वर्ल्ड कपला!" असे उत्तर देण्यात आम्हाला जो आनंद झाला, तो हजला निघालेल्या माणसाच्या आनंदाशी तोलायचा नाही, पण फूल गळ्यात नसले तरी चाल तशीच होती.

अंतिम सामना पुन्हा भारत आणि इराण. आम्ही भारताच्या बाजूचे होतो, हे लिहावे लागते यातच सगळे आले. इराणचे पोरगे तेव्हा कुस्तीतून आल्यासारखे दिसायचे. चढाईत कच्चे, पण धरले की सोडत नसत. अशीच एक पकड झाली. आपला चढाईपटू परत फिरत होता, हात मध्यरेषेपासून वीतभर राहिला होता, आणि इराणच्या कोपरारक्षकाने जमिनीसरपट जाऊन घोटा धरला. चाचा उभे राहिले. "वा! काय घोटा धरला!" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. गवंडी तर शिट्टी मारून मोकळा झाला.

पुढच्या रांगेतला एक माणूस मागे वळला. त्याने चाचांच्या दाढीकडे पाहिले, टोपीकडे पाहिले, आणि हसत विचारले, "तुमचा संघ कुठला?"

त्याच्या आवाजात शिवी नव्हती. कदाचित त्याला गंमतच करायची असेल. पण त्याच्या शेजारचे दोघेतिघे वळून पाहू लागले. चाचा जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "खांब."

लोक हसले. तोही हसला आणि पुढे वळला. एवढेच घडले. भारताने सामना २९-१९ असा जिंकला, सगळे नाचले, आम्हीही नाचलो. पण त्या प्रश्नानंतर इराणने केलेल्या एकाही पकडीला आमच्यापैकी कुणी टाळी वाजवली नाही. आणि भारताच्या प्रत्येक गुणाला आम्ही जरा जास्तच जोराने वाजवली. आपल्या टाळ्या कुणीतरी मोजतो आहे, असे वाटत राहिले. ज्याने आयुष्यभर फक्त खेळ पाहिला त्याला त्या संध्याकाळी स्वतःचे हात पाहावे लागले.

परतताना गाडीत कुणी बोलले नाही. वडखळला चहाला उतरलो तेव्हा गवंडी म्हणाला, "शिट्टी तर मी मारली होती. मला का नाही विचारलं?" त्याच्या या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नाही. त्यालाही ते माहीत होते. चहाचे पैसे त्या दिवशी त्याने कुणाला देऊ दिले नाहीत.

पुढे कितीतरी वर्षे आम्ही हा किस्सा घरी, लग्नात, नाक्यावर सांगितला. सांगता सांगता तो विनोदी झाला. "खांब" या उत्तराला हमखास हशा मिळे. पण खरे सांगायचे तर आम्हाला आमचे दुःख सांगायला तो किस्सा बरा पडत होता.

२०११ मध्ये आमच्यातला किराणा दुकानदार दुकान मोडून कतारला गेला, दोह्यात ड्रायव्हर म्हणून. त्याच वर्षी आमचा महामार्गही खणायला घेतला, पनवेल ते इंदापूर चौऱ्याऐंशी किलोमीटर, चौपदरी करायला. पुढे वर्षानुवर्षे ते काम रखडले. तिकडे तो वाळवंटात गुळगुळीत रस्त्यांवरून गाडी हाकत होता आणि इकडे पेणपर्यंत जाता जाता आमच्या कमरेचे मणके मोजून होत होते. २०१५ च्या जानेवारीत त्याचा फोन आला. दोह्यात हँडबॉलची जागतिक स्पर्धा भरली होती आणि सुट्टीच्या दिवशी तो सामना बघून आला होता. मैदानाचा मुजावर शेवटी मैदानातच जाणार.

हँडबॉल म्हणजे काय हे आम्हाला त्यानेच फोनवर समजावले. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद बंदिस्त मैदान, गोलरक्षक धरून एका बाजूला सात गडी, तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, गोलपुढची सहा मीटरची रेषा ओलांडून आत पाय टेकायचा नाही, म्हणून हल्ला करणारा हवेत झेप घेऊन चेंडू मारतो. "आपल्या कबड्डीसारखंच आहे," तो म्हणाला. "सातजण हात पसरून भिंत करतात. फक्त दम घ्यायला मुभा आहे." मास्तरांनी लगेच आपले ज्ञान काढले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हँडबॉल उघड्या मैदानावर अकरा-अकरा गड्यांचा खेळला गेला होता, आणि त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी बर्लिनला जाऊन कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवून आली होती. दोन खेळ एका गावात उतरले. हँडबॉल १९७२ साली म्युनिकपासून सात गड्यांचा होऊन ऑलिंपिकमध्ये कायमचा बसला. कबड्डी अजून दाराबाहेर उभी आहे.

पण आमच्या मित्राला दुसरेच काही सांगायचे होते. कतारच्या संघात कतारचे म्हणावेत असे थोडेच. कुणी बाल्कनातला, कुणी क्युबाचा, कुणी स्पेनचा, नव्याने नागरिक झालेले. प्रशिक्षक स्पेनचा, ज्याने २०१३ साली स्पेनला विश्वविजेते केले होते तोच. आणि बातमी अशी होती की कतारला पाठिंबा द्यायला, ढोल वाजवायला, प्रेक्षकसुद्धा स्पेनहून आणले होते, जाण्यायेण्याचा खर्च देऊन. कतार थेट अंतिम सामन्यात पोचला आणि फ्रान्सकडून २५-२२ असा हरला. आमचा मित्र म्हणाला, "इथं भाड्याने आणलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तुमचा संघ कुठला? आणि आपण पदरचा खर्च करून पनवेलला गेलो होतो." फोनवर तो हसला, पण हसणे पुरे झाले नाही.

एव्हाना कबड्डीचेही नशीब पालटले होते. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. रमजानचे शेवटचे दिवस होते. तरावीहहून परतून आम्ही टीव्ही लावला तर खेळून झालेले तेच तेच क्षण पुन्हा दाखवत होते. मातीच्या जागी मॅट, हॅलोजनच्या जागी रंगीत दिवे, चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ, खेळाडूंच्या पायांत बूट. चाचा नाराज झाले. "माती नाही तर खरचटणार कुठं?" असे काहीसे पुटपुटले. पण ज्या पोरांना लोक 'हुतूतू खेळणारा बिनकामाचा' म्हणत, त्यांचे चेहरे एस.टी.च्या मागे जाहिरातीत झळकू लागले, हे त्यांनाही आवडले असावे.

आता जे सांगायचे आहे ते आमच्या मोठेपणाचे नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये जकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या. १९९० पासून पुरुषांच्या कबड्डीचे सुवर्णपदक भारताने कधी सोडले नव्हते. त्या वर्षी उपांत्य फेरीत इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना, पुन्हा भारत आणि इराण, आणि इराणच्या मुलींनी २७-२४ असा जिंकला. डोक्याला घट्ट स्कार्फ, हातपाय झाकलेले, आणि पकडी अशा की चाचांनी पनवेलनंतर अकरा वर्षांनी प्रथमच मोकळेपणाने टाळी वाजवली. अर्थात घरात बसून, मोबाईलपुढे. त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्राची बाई तेहरानच्या मुलींना कबड्डी शिकवते आणि भारताला हरवते. वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुकच केले, आणि ते योग्यच होते. खेळ असाच असावा. मास्तर एवढेच म्हणाले, "बघा, असंही होऊ शकतं."

हे सगळे मिनीडोरवाल्याची मुलगी बघत होती. नववीत होती. शाळेच्या संघात बाईंनी तिला निवडले होते आणि तिच्या बापाने महिनाभरापूर्वी नाही म्हणून सांगितले होते. कारणे नेहमीचीच. अर्धी पँट, मैदानात बघे, मोहल्ल्यातले लोक काय म्हणतील. आम्ही कुणीही त्याला 'असे करू नकोस' म्हटले नव्हते. उलट "तुझं बरोबर आहे, दिवस चांगले नाहीत," असे म्हणून आलो होतो. आणि हे आम्ही, ज्यांनी महिला गटाचे सामने वर्षानुवर्षे कठड्याला टेकून पाहिले, दुसऱ्यांच्या लेकींच्या पकडींना टाळ्या वाजवल्या. आमच्या घरातली एकही बाई आम्ही कधी मैदानावर नेली नव्हती. तीस वर्षांत एकदाही नाही. आमच्या ते ध्यानातही आले नव्हते.

सामना संपल्यावर ती पोरगी बापापुढे उभी राहिली. पनवेलचा किस्सा तिने लहानपणापासून शंभरदा ऐकलेला. म्हणाली, "अब्बा, त्या माणसानं तुम्हाला विचारलं होतं ना, तुमचा संघ कुठला? तुम्हाला वाईट वाटलं होतं. मग आता मी विचारते. घरात तुमचा संघ कुठला?"

आम्ही चौघे तिथेच बसलो होतो. या वेळी "खांब" म्हणून सुटता येत नव्हते. चाचांनी मान खाली घातली. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझी थोरली हिच्यापेक्षा जास्त पळायची." त्यांची थोरली म्हसळ्याला दिलेली, तिची मुलेही आता शाळेत जातात. लहानपणी ती ओढ्यावरून घरापर्यंत हंडा घेऊन पळत यायची, पाणी न सांडता. तिने कधी खेळू का म्हणून विचारले नव्हते. विचारायची सोयच नव्हती.

मुलगी खेळली. बाईंशी बोलणे झाले. संघाच्या टीशर्टखाली पूर्ण बाह्यांचा कपडा, पूर्ण पँट आणि स्कार्फ. पंचांनी तपासताना एवढेच सांगितले की स्कार्फला टाचणी नको, कुणाला टोचेल, आणि नखे काढलेली हवीत. टाचणीऐवजी तिच्या आईने रात्री बसून स्कार्फला इलॅस्टिक शिवले. जमातीत बोलणारे बोलले. एका बुजुर्गांनी बापाला रस्त्यात थांबवून विचारले. बापाने सांगितले, "नमाज चुकली तर मला बोला, पकड चुकली तर तिच्या बाई बोलतील."

तालुक्याच्या ठिकाणी सामना. आमच्या आयुष्यातला सर्वांत जवळचा दौरा आणि सर्वांत भीतीचा. गवंड्याने त्या दिवशीचे काम सोडले. आमच्याबरोबर प्रथमच मुलीची आई आली. रिक्षात बसताना तिने विचारले, "तिथं बायका असतात का?" आम्हाला पटकन सांगता आले नाही. गेल्यावर पाहिले तर खूप होत्या. इतकी वर्षे आम्ही तिकडे नजर वळवली नव्हती.

संघ पहिल्याच फेरीत सहा गुणांनी हरला. मुलगी डाव्या कोपऱ्यात उभी होती. तिने दोन पकडी केल्या आणि तीनदा बाद झाली. दुसरी पकड घोट्याची होती. चाचा उभे राहिले, पण त्यांच्या तोंडून "वा" निघाला नाही. त्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या आणि खाली बसून टोपीने चेहरा पुसला. समोरच्या संघाचे पाठीराखे आमच्या शेजारीच बसले होते. त्यांच्यातली एक आजी मुलीच्या आईला म्हणाली, "तुमची का ती? पाय घट्ट हायेत हो तिचे." आई दोन दिवस तेवढेच वाक्य घरोघर सांगत होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, दिवाळी नुकतीच झाली होती, आम्ही तिला वरळीला नेले. दोह्याला गेलेल्या मित्राची जागा रिकामी होतीच. मुंबईच्या संघाचा कप्तान होता इराणचा फझल अत्राचली. तीनच महिन्यांपूर्वी जकार्तात भारताला हरवून सुवर्णपदक नेणाऱ्या संघातला. आणि सारे स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होते. "फझल! फझल!" आमच्या मागच्या रांगेत दादरहून आलेले एक कुटुंब होते. त्यातले काका दर पकडीला उठून आमच्या चाचांच्या खांद्यावर थाप मारायचे, जणू पकड चाचांनीच केली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. २००७ मध्ये इराणच्या घोटापकडीला टाळी वाजवली तर मागे वळून पाहिले गेले, आणि २०१८ मध्ये तशाच पकडीला मुंबई डोक्यावर घेत होती. लोक बदलले असे आम्ही म्हणणार नाही. जर्सी बदलली होती. आपल्या जर्सीत आला की माणूस आपला होतो. मग जे इथेच जन्मले आणि ज्यांनी दुसरी जर्सी कधी घातलीच नाही, त्यांच्याकडे कुणी मागे वळून का पाहावे, एवढाच प्रश्न उरतो. तो आम्ही त्या रात्री काकांना विचारला नाही. ते चांगले गृहस्थ होते, आणि त्यांनी आम्हाला त्यांच्या डब्यातली चकली दिली होती.

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणाला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डी जिंकली. चषक उचलणारा कप्तान अस्लम इनामदार, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला पोरगा. त्याआधी २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक परत आणणाऱ्या भारतीय संघातही तो होता. नाक्यावर मोबाईलभोवती गर्दी करून आम्ही तो सामना पाहिला. त्याच्या आडनावाचा उल्लेख आमच्यापैकी कुणी केला नाही. गवंडीच शेवटी म्हणाला, "आता पनवेलचा तो माणूस भेटायला पाहिजे." चाचा म्हणाले, "कशाला? तोही आज टाळ्याच वाजवत असेल."

मुलीची कबड्डी दहावीनंतर सुटली. तिने कॉलेज केले, आता पनवेलला नोकरी करते. ती राष्ट्रीय खेळाडू झाली असे लिहिता आले असते तर हा लेख जास्त शोभला असता. पण आता महिला गटाची स्पर्धा कुठे असली की पहिला फोन तिचा येतो आणि मिनीडोरमध्ये तिची आईही असते. चाचांच्या थोरलीला आम्ही मागच्या हिवाळ्यात म्हसळ्याहून मुद्दाम बोलावून घेतले. रात्रभर ती कठड्याजवळ बसून होती. पहाटे म्हणाली, "बाबा, हे तुम्ही इतकी वर्षं एकटेच बघत होतात?" चाचांनी तिच्या अंगावरची शाल नीट केली.

त्याच रात्रीची गोष्ट. पेणकडच्या एका गावात मातीचे मैदान, मॅट नाही. शेजारी विशी-बाविशीचा एक पोरगा येऊन बसला, हातात भज्यांचा कागद. भजी पुढे करत त्याने चाचांना विचारले, "चाचा, तुमचा संघ कुठला?" मैदानावर हा प्रश्न सगळे सगळ्यांना विचारतात. तोच प्रश्न, फक्त आवाज निराळा असतो, आणि कान तो ओळखतात.

चाचा म्हणाले, "खांब."

"अहो, ते तर पहिल्याच फेरीत गेले."

"गेले तर गेले," चाचांनी एक भजे उचलले. "रात्र तर अजून बाकी आहे."